१९५१ चा प्रिसिजन बास घरी बनवतोय: प्रकल्प नोंदी

२३ नोव्हेंबर

दिवाळी उरकली, पाहुणे गेले, हवा कोरडी झालीये. लाकूडकामाला याहून चांगले दिवस वर्षात नसतात, म्हणून आजपासून सुरुवात. बनवायचाय अमेरिकेच्या फेंडर कंपनीचा प्रिसिजन बास, म्हणजे चार तारांची इलेक्ट्रिक बास गिटार, पण सगळ्यांच्या डोळ्यासमोर जो येतो तो नाही. तो १९५७ नंतरचा. मला हवाय पहिला, १९५१ चा. सपाट फळीसारखी बॉडी, कडा जवळपास काटकोनात, फेंडरच्याच टेलिकास्टर गिटारसारखं बारीक हेडस्टॉक (खुंट्यांचं डोकं), काळा पिकगार्ड (बॉडीवरचा पत्रा), आणि चार पोलांचा, एकाच गुंडाळीचा सिंगल कॉइल पिकअप, म्हणजे तारेची थरथर विजेत पकडणारा भाग.

हाच का, ते लिहून ठेवतो, कारण मधेच कुठेतरी कंटाळा आला की हेच वाचायला लागणार आहे. लिओ फेंडर मूळचा रेडिओ रिपेअरवाला, कॅलिफोर्नियात फुलर्टनला त्याचं दुकान होतं. त्या काळात बँडमधे बास म्हणजे तो माणसाएवढा उभा डबल बास. न्यायला त्रास, आणि ड्रम-ट्रम्पेट सुरू झाले की ऐकूच येत नाही. फेंडरने त्याची गिटार केली, गळ्यात अडकवायची, अँपला जोडायची. पडदे बसवले त्यामुळे सूर नेमका लागतो, म्हणून नाव प्रिसिजन. तसं सिएटलच्या पॉल टुटमार्कने १९३० च्या दशकातच पडद्यांचा इलेक्ट्रिक बास काढला होता, पण तो फारसा चालला नाही. फेंडरचा चालला. १९५१ मधे किंमत १९९ डॉलर ५० सेंट. लायनेल हॅम्प्टनच्या जॅझ बँडमधे मंक माँटगोमेरी हा बास घेऊन फिरला आणि लोकांना कळलं की हे खेळणं नाही.

मला सगळ्यात भावतं ते हे की या माणसाने वाद्य बनवलं ते वाद्य बनवणाऱ्यासारखं नाही, दुरुस्ती करणाऱ्यासारखं. सगळं स्क्रूवर. नेक, म्हणजे मान, चार स्क्रूंनी, ब्रिज स्क्रूंनी, पिकअप स्क्रूंनी. खराब झालं की काढा, दुसरं बसवा. मी दिवसभर भोसरीत टूलरूममधे उभा असतो आणि शनिवार-रविवार ऑर्केस्ट्रात बास वाजवतो, तर हे वाद्य मला कारखान्याच्या भाषेत समजतं. व्हायोलिन करायला मी कधी धजलो नसतो.

एक आधीच ठरवलंय. हेडस्टॉकवर फेंडरचं नाव लावणार नाही. ते त्यांचं आहे, हा माझ्या हातचा आहे, मोकळंच राहील.

३० नोव्हेंबर

ड्रॉइंग पूर्ण केलं. पूर्ण साइजचं, कागदावर, भिंतीला चिकटवलंय.

स्केल ३४ इंच, म्हणजे ८६३.६ मिलिमीटर. नट म्हणजे नेकच्या वरच्या टोकाची खाचांची पट्टी, ब्रिज म्हणजे तारा बॉडीवर टेकतात तो भाग; त्या दोघांमधली वाजणारी तार इतकी. आज जगभरात लाँग स्केल बास म्हणजे ३४ इंच हे जे पक्कं झालंय ते याच वाद्यापासून.

पडद्यांचं गणित सोपं आहे, स्केलला १७.८१७ ने भागायचं, आला पहिला पडदा. ४८.४७. मग उरलेल्या लांबीला परत १७.८१७ ने भागायचं, दुसरा पडदा पहिल्यापासून ४५.७५. असं करत वीस पडदे. बारावा बरोबर अर्ध्यावर यायला हवा, ४३१.८, तिथे ताळा होतो. विसावा नटपासून ५९१.५८. आखताना मात्र एका पडद्यापासून दुसरा असं मोजत जायचं नाही, प्रत्येक माप नटपासूनच घ्यायचं. नाहीतर प्रत्येक वेळी केसभर फरक आणि शेवटी मिलिमीटरभर चूक, आणि बासवर मिलिमीटर कानाला लागतो.

आकार काढताना एक गोष्ट हाताने कळली, फोटोत कधी कळली नव्हती. बॉडीचं वरचं शिंग एवढं लांब का? मला वाटायचं दिसायला. तसं नाही. बासची नेक लांब, टोकाला चार जाड लोखंडी खुंट्या, म्हणजे पट्टा लावून हात सोडला की डोकं खाली जाणार. पट्ट्याचं बटण जितकं पुढे न्याल, बाराव्या पडद्याच्या दिशेने, तितका तोल सुधारतो. ते बटण पुढे न्यायला लाकूड हवं, म्हणून शिंग. फेंडरचीच स्ट्रॅटोकास्टर गिटार १९५४ ची, तिच्या दोन शिंगांचं सगळे कौतुक करतात, पण ती शिंगं आधी बासवर आली, आणि आली ती गरजेपोटी.

टेम्प्लेटसाठी १२ मिमीचा एमडीएफ आणला.

१४ डिसेंबर

लाकूड. यावर मी सगळ्यात जास्त डोकं घातलंय.

मूळ बॉडी ॲशची, नेक मेपलची. दोन्ही आपल्या महाराष्ट्रात उगवत नाहीत. पुण्यात भवानी पेठेच्या टिंबर मार्केटमधे सागवान, स्टीम बीच, पाइन हवं तेवढं, पण ॲश म्हणलं की समोरचा आधी व्हिनिअरच दाखवतो. शेवटी इंपोर्टेड लाकूड ठेवणाऱ्या एकाकडे दोन इंची ॲशची फळी मिळाली, आणि त्याच्याच गोडाउनच्या कोपऱ्यात हार्ड मेपलचा एक तुकडा, कुठल्यातरी जिन्याच्या कामातून उरलेला. मिस्त्री म्हणाले, "दादा, एवढ्याशा तुकड्याला एवढे पैसे? यात सागवानाचा स्टूल झाला असता." खरं आहे, झाला असता.

तून वापरावं का हा विचार बरेच दिवस चालू होता. तून म्हणजे आपल्या सतार-तंबोऱ्याचं लाकूड, हलकं, छान वाजणारं, आणि इथलं. ॲशची बॉडी माझ्या हिशोबाने सव्वातीन-साडेतीन किलो भरणार, तूनची अडीच. पण तून लालसर असतं. १९५१ चा रंग ब्लाँड, म्हणजे पिवळट दुधी, अर्धपारदर्शक, त्यातून ॲशच्या रेषा दिसतात. तूनवर तो रंग गुलाबी दिसेल. प्रतिकृती करायची म्हणल्यावर डोळ्याला ती पटली पाहिजे. म्हणून ॲश. तूनचा एक बास पुढे नक्की करणार, तो मात्र कुणाची प्रतिकृती नसेल.

फळी खोलीत उभी करून ठेवलीये, खाली दोन पट्ट्या, सगळीकडून हवा लागेल अशी. आता महिनाभर हात लावायचा नाही.

४ जानेवारी

सांगलीला मामेबहिणीचं लग्न होतं, तिथून मिरजेला जाऊन आलो. सतारमेकर गल्लीत. ज्यांना भेटलो त्या काकांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या हेच काम. त्यांना बासचं ड्रॉइंग दाखवलं, त्यांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिलं आणि पहिला प्रश्न विचारला, "घोडी कसली?"

घोडी म्हणजे ब्रिज. मी सांगितलं, वाकवलेल्या पत्र्याची प्लेट, त्यावर तारा टेकायला दोन सॅडल, एकेका सॅडलवर दोन तारा. त्यांनी मान हलवली आणि तंबोऱ्याची घोडी हातात दिली. तिचा वरचा पृष्ठभाग सपाट दिसतो पण नसतो, अगदी बारीक उतार असतो, तार त्यावर टेकत-सुटत थरथरते आणि तो जवारीचा भरलेला नाद येतो. खाली सुताचा दोरा सरकवून नेमकी जागा शोधतात. काका म्हणाले, "आम्ही तार टेकवायला आयुष्य घालवतो, तुम्हाला ती टेकायला नको."

बरोबर तेच. बासला तार एका रेषेवर स्वच्छ सुटायला हवी, जरा जरी लांबवर टेकली की झणझण, आणि सूरही सरकतो. म्हणजे सॅडलची वरची कड बारीक ठेवायची आणि नटच्या खाचा मागच्या बाजूला उतरत्या. हे मी वाचलं होतं, पण त्या घोडीवर बोट फिरवल्यावर नीट डोक्यात बसलं. परतीच्या गाडीत नटचं ड्रॉइंग सुधारलं.

लाकूड मुरवण्याबद्दल मात्र त्यांनी एका वाक्यात निकाल लावला: घाई करू नकोस, लाकडाला तुझी तारीख माहीत नाही.

१८ जानेवारी

बॉडी कापली. फळी रुंदीला पुरत नव्हती म्हणून दोन तुकडे जोडले. मूळ बासच्या बॉड्यासुद्धा बऱ्याचदा एकाहून जास्त तुकड्यांच्या असतात, त्यामुळे मनाला काही टोचत नाही. सांध्यावर रंधा असा फिरवला की दोन्ही कडा एकमेकांवर ठेवून मागून बल्ब लावला तरी उजेड आला नाही. फेव्हिकॉल, चार शिकंजे, रात्रभर.

मग जाडी ४४.५ मिमीला आणली, पावणेदोन इंच, आणि टेम्प्लेट चिकटवून राउटर, म्हणजे लाकूड कोरायचं यंत्र. ॲशबरोबर एक सांगतो, कुणी करणार असेल तर. या लाकडाचे धागे लांब आणि ताठ असतात, म्हणूनच अमेरिकेत बेसबॉलच्या बॅटी याच्या करायचे. पण शिंगांच्या वळणावर राउटरचा बिट धाग्याच्या उलट गेला की कपचाच उडतो. म्हणून आधी जिगसॉने रेषेच्या दोन मिलिमीटर बाहेरून कापलं, मग राउटर, एका वेळी ५ मिमीच्या वर नाही, आणि वळणावर धाग्याच्या उताराच्या दिशेनेच. वेळ लागला. कड अशी आलीये की बोट फिरवत बसावंसं वाटतं.

नेकचा खिसा १६ मिमी खोल. नेक त्यात दाबून बसली पाहिजे, इतकी की बॉडी उलटी धरली तरी पडू नये. ते आता नेक तयार झाल्यावर बघू, खिसा मुद्दाम अर्धा मिमी लहान ठेवलाय.

कंबरेजवळची, हाताजवळची गोलाई द्यायची नाही. ती १९५४ ला आली. वाजवताना बरगडीत रुततो म्हणून तक्रार असायची, मला चालेल.

८ फेब्रुवारी

नेक. या सगळ्या कामाचा प्राण इथे आहे.

चार तारा मिळून साधारण ऐंशी किलोचा ताण पडतो. एवढा ताण एका अरुंद लाकडी पट्टीवर, दिवसरात्र, वर्षानुवर्षं. लाकूड वाकणारच. त्यासाठी नेकच्या पोटात लोखंडी सळई असते, ट्रस रॉड. फेंडरची पद्धत अशी की नेक एकाच मेपलच्या तुकड्याची, वेगळा फिंगरबोर्ड नाही, मग सळई आत घालायची कुठून? मागून. मागच्या बाजूला लांब खाच, त्यात सळई, आणि वरून अक्रोडाची पट्टी चिकटवून बंद. मागे दिसणारी ती काळपट रेघ म्हणजे झाकण आहे, शोभा नाही.

खाचेत एक गंमत आहे. ती सरळ नाही, कमानीत आहे. दोन्ही टोकांना सळई पडद्यांच्या बाजूला जवळ आणि मधे पाठीकडे जवळ. सळईच्या टोकाचा आट्यांचा नट आवळला की सळई ताणली जाते, ताणली की ती सरळ व्हायला बघते, आणि सरळ होताना नेकचं मधलं अंग पुढे ढकलते. तारा नेकला एका बाजूला वाकवतात, सळई बरोबर त्याच्या उलट. इतकं साधं आणि इतकं हुशार. मी कामावर रोज जिग-फिक्स्चर बघतो पण हे पहिल्यांदा कागदावर काढलं तेव्हा चहा गार झाला.

कमान आणायला दोन एमडीएफच्या पट्ट्या आतल्या बाजूने वळणात कापल्या आणि राउटर त्यावरून चालवला. सळई ५ मिमीची, टूलरूममधे आटे पाडून घेतले. अक्रोडाची पट्टी काश्मिरी अक्रोडाची, एका फर्निचरवाल्याने अशीच दिली, पैसे घेतले नाहीत. चिकटवायच्या आधी सळईला मेण लावलं, नाहीतर गोंद धरतो आणि सळई फिरतच नाही.

मागची गोलाई स्पोकशेव्ह (दोन मुठींचा छोटा रंधा) आणि कानशीने. नटपाशी रुंदी पावणेदोन इंच. त्या काळची नेक जाडजूड असायची, हात भरून येतो, मी तशीच ठेवलीये. ऑर्केस्ट्रातला माझा रोजचा बास याच्यापुढे काडी वाटतो.

१ मार्च

फिंगरबोर्डला गोलाई, त्रिज्या सव्वासात इंच. म्हणजे बऱ्यापैकी गोल, आजकालच्या बासपेक्षा जास्त. लाकडाचा एक ठोकळा त्याच त्रिज्येने आतून कोरून घेतला, त्याला पॉलिश पेपर लावून घासत राहिलो. ८०, १२०, १८०, २४०. कंटाळवाणं काम, पण इथे घाई केली तर पुढे प्रत्येक पडदा वेगळं बोलतो.

खाचा मारल्या आणि पडदे बसवले. तार जर्मन सिल्व्हरची, ऑनलाइन मागवली. फेंडरच्या जुन्या कारखान्यात पडदे वरून ठोकत नसत, बाजूने खाचेत सरकवत. मी पितळी हातोडीनेच ठोकले, आधी दोन टोकं, मग मध. वीस पडदे, मग लांब सपाट कानस वरून फिरवून सगळ्यांची उंची एक, मग प्रत्येकाचा माथा परत गोल. मार्करने माथे काळे करून घेतले की कुठे घासलं गेलं, कुठे नाही, ते स्पष्ट दिसतं.

नेक खिशात बसवून पाहिली. दाबल्यावर थप्प असा आवाज आला आणि उलटी केली तरी हलली नाही.

२२ मार्च

पिकअप. तयार मिळतो, चांगलाही मिळतो, पण मग घरी केला काय म्हणायचं.

१९५१ चा पिकअप म्हणजे वाद्याचा आवाजच. चार अल्निको लोहचुंबकाच्या कांड्या, प्रत्येक तारेखाली एक, आणि सगळ्यांभोवती एकच कॉइल. १९५७ ला फेंडरने तो दोन भागांत तोडला, प्रत्येक तारेला दोन पोल दिले आणि दोन्ही कॉइल उलट जोडून गुणगुण मारली. तो आवाज गोल, भरीव, जगाला तोच माहिती. बासवादक जेम्स जेमरसनने मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीच्या गाण्यांत जे वाजवलं ते त्या नंतरच्या पिकअपवर, १९६२ चा बास होता त्याचा. जुन्या सिंगल कॉइलचा आवाज जास्त उघडा असतो. चुंबक थेट तारेच्या खाली, त्यामुळे बोट पडल्याचा क्षण ऐकू येतो, लाकूड ऐकू येतं. मला तो हवाय.

बॉबिनच्या दोन पट्ट्या हायलमच्या, म्हणजे वीज न वाहणाऱ्या कडक शीटच्या. मोटर रिवाइंडिंगवाल्यांकडे हायलम शीट असतेच, त्यांना "गिटारला" म्हणल्यावर त्यांनी परत विचारलं, "कशाला?" कांड्या दोन्ही पट्ट्यांत दाबून बसवल्या आणि कॉइलची तार चुंबकाला थेट लागू नये म्हणून टेपचा एक फेरा. तार ४६ गेजची, मुंबईला लोहार चाळीतून आणली. डोक्याच्या केसाइतकी बारीक, श्वास जोरात सोडला तरी हलते.

गुंडाळायचं यंत्र शिवणमशिनच्या मोटरवर केलं, पायाने वेग कमी-जास्त होतो हे फार कामाचं. फेरे मोजायला जुना कॅल्क्युलेटर, त्याच्या 'बरोबर' (=) च्या बटणाला रीड स्विच, म्हणजे चुंबक जवळ आलं की लागणारा स्विच, जोडला, चाकावर छोटं चुंबक, प्रत्येक फेऱ्याला आकडा एकाने वाढतो. तार दोन बोटांत फेल्टच्या तुकड्यातून सोडायची. ताण जास्त झाला तर तुटते, कमी झाला तर कॉइल ढिली राहते आणि मोठ्या आवाजात शिट्टी मारते. डोळे मिटून नुसत्या बोटांवर लक्ष ठेवलं की हात बरोबर जमतो, डोळ्याने ही तार सांभाळता येत नाही.

९००० फेरे. मीटर लावला, ७.९ किलोओम. हिशोबाने जवळपास एवढंच यायला हवं होतं, म्हणजे आत कुठे शॉर्ट नाही. मग पॅराफिन आणि थोडं मधमाशीचं मेण, पाण्याच्या पातेल्यात पातेलं ठेवून ६५ अंशापर्यंत, त्यात पिकअप बुडवला, बुडबुडे थांबेपर्यंत. घरभर देवळासारखा वास. आई येऊन बघून गेली.

१२ एप्रिल

ब्रिजची प्लेट कामावरच वाकवून घेतली, दीड मिमी पत्रा. मूळ बासमधे सॅडल दाबून घट्ट केलेल्या फायबरचे होते, धातूचे नंतर आले. मी हायलमचे केले. धातूपेक्षा आवाजाची धार जरा कमी होते, सुरुवातीचा ठोका मऊ येतो, त्या काळच्या आवाजात याचा वाटा आहे असं मला ठाम वाटतं. वरची कड मिरजेत ठरवल्याप्रमाणे, बारीक.

तारा बॉडीच्या आरपार जातात, मागून ओवायच्या. चार भोकं सरळ एका ओळीत यायला हवीत, मागून ती दिसतात आणि एक जरी तिरपं गेलं तर आयुष्यभर खुपतं. ड्रिल प्रेसवर, खाली टोकदार पिन उभी करून, अर्धं पुढून अर्धं मागून. मधे बरोबर भेटली.

अंगठ्याने वाजवणाऱ्यांसाठी एक छोटी पट्टी असायची, बोटं टेकवायला. बासच्या तारा जाड ते बारीक ई, ए, डी, जी; ही पट्टी 'जी' नावाच्या तारेच्या खालच्या बाजूला. तेव्हा बास अंगठ्यानेच वाजवतील असं धरून चालले होते. मी बोटांनी वाजवतो, तरी ती पट्टी बसवणार, अक्रोडाचा तुकडा उरलाय.

१० मे

पॉलिश. मूळ फिनिश नायट्रोसेल्युलोज लॅकर, आणि गंमत म्हणजे तेच आपल्याकडे कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात एनसी लॅकर म्हणून मिळतं. ॲशच्या छिद्रांत आधी भरणी लागते नाहीतर लॅकर शोषत बसतं. पॉलिशवाल्यांची जुनी रीत, चॉक पावडर आणि चिमूटभर पिवडी सीलरमधे कालवून कापडाने आडवी चोळायची. दोन हात. मग सीलर, मग रंग, मग लॅकर.

रंगावर बराच खेळलो. पांढऱ्यात पिवडीचा थेंब थेंब टाकत, ॲशच्या उरलेल्या तुकड्यांवर मारून, उन्हात नेऊन. जुने बास आज जे गडद लोण्यासारखे पिवळे दिसतात ते सत्तर वर्षांनी लॅकर पिकल्यामुळे, नवे असताना ते फिके होते. मी फिका ठेवलाय. पिकायचं काम त्याचं तो करेल.

रंगाचे हात झाले आणि काल दुपारी आभाळ भरून आलं. शेजारच्या गल्लीतल्या पॉलिशवाल्या चाचांना फोन केला तर म्हणाले, "आज हात लावू नका साहेब, पांढरं पडणार." तासाभरात वळीव कोसळला. हवा दमट असली की लॅकरमधला थिनर उडताना पृष्ठभाग गार होतो, त्यावर हवेतलं पाणी बसतं आणि फिनिश दुधाळ होतं. शेडमधे टांगलेल्या नेकवर सकाळचा एक ओला हात होता, त्याच्यावर टाचेपाशी, म्हणजे बॉडीत बसणाऱ्या टोकाशी, ढगासारखा पट्टा उमटलाच. चाचांनी उपाय सांगितला, रिटार्डर थिनरचा अगदी हलका फवारा, लॅकर परत मऊ होतं, अडकलेलं पाणी निघून जातं. आज कडक ऊन होतं, मारला, आणि पट्टा डोळ्यादेखत विरला. बाकीचे हात सकाळी दहा ते दोन यातच मारतोय.

नेकवर लॅकर पडद्यांच्या वरूनच मारायचं, मेपलच्या नेकला तशीच पद्धत. पडद्यांवरचं नंतर खरवडून काढता येतं.

३१ मे

२००० चा पाणी पेपर, मग गाडीला लावतात ते रबिंग कंपाउंड. आरसा नाही केला, त्या काळी इतका चकचकीत नसायचा.

वायरिंग तासाभराचं काम. २५० किलोओमचे दोन पॉट, म्हणजे फिरवायचे नॉब, एक व्हॉल्यूम एक टोन, ४७३ नंबरचा कॅपॅसिटर, जॅक, आणि ब्रिजखालून ग्राउंडची वायर. सगळं तपकीर गल्लीत एका दुकानात मिळालं. रेडिओवाल्या माणसाचं सर्किट आहे, यात कमी करण्यासारखं काही उरलेलंच नाही.

अँपला लावला आणि अपेक्षेप्रमाणे गुणगुण. सिंगल कॉइल म्हणजे एक अँटेनाच. आपली वीज ५० हर्ट्झ, अमेरिकेत ६०. आता बासच्या ई तारेवर तिसऱ्या पडद्याचा जी सूर ४९ हर्ट्झ आहे. म्हणजे घरातली वीज जवळजवळ त्याच सुरात गाते, किंचित चढी. तो जी लांबवला की गुणगुणीबरोबर हळू हळू हेलकावे ऐकू येतात, सेकंदाला एक. फुलर्टनमधे बसून हे कुणाला ऐकू आलं नसतं, तिथली गुणगुण बी फ्लॅट आणि बी च्या मधे कुठेतरी पडते.

पोकळीला आतून तांब्याची पट्टी लावली, पिकअपचं कव्हर ग्राउंडला जोडलं, बरीच कमी झाली. उरलेली खोलीतल्या पंख्याच्या इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरची होती, तो बंद केला की शांत. थोडी राहिलीये ती राहू दे, ती या पिकअपचीच आहे.

७ जून

तारा चढवल्या. फ्लॅटवाउंड, म्हणजे वरून सपाट गुंडाळीच्या. आरपार ओवायच्या म्हणून पाकिटावरची लांबी नीट बघून घेतल्या, साध्या लाँग स्केलच्या काही कंपन्यांच्या तारा इथे तोकड्या पडतात, आणि जाड ई चा वेटोळा भाग खुंटीच्या आत संपायला नको.

रात्रभर सुरात ठेवून सकाळी नेक पाहिली. आठव्या पडद्यापाशी पाऊण मिलिमीटरचा झोल, ताणाने आलेला. ट्रस रॉडचा नट टाचेला आहे, म्हणजे नेकचे स्क्रू ढिले करून, पाव फेरा, परत आवळून, परत सुरात, परत मोजायचं. वैताग आहे पण सळई काम करतेय हे बघायला मिळालं, प्रत्येक पाव फेऱ्याला झोल कमी. ०.३ वर आणून थांबलो. बाराव्या पडद्यापाशी ई २.८ मिमी, जी २.३.

इंटोनेशनला, म्हणजे प्रत्येक पडद्यावर सूर नेमका लावायला, दोन तारांमागे एकच सॅडल, त्यामुळे चारही तारा एकाच वेळी अचूक येऊच शकत नाहीत. १९५७ ला चार सॅडल दिले ते यासाठीच. ई आणि ए चा सॅडल थोडा तिरका केला, ई मागे, ए पुढे. डी-जी ला डी बरोबर ठेवली आणि जी पाचव्या-सातव्या पडद्यापाशी तपासून तडजोड केली. जी तारेवर बाराव्या पडद्याच्या पुढे जायचं काम आमच्या गाण्यांत फार पडत नाही.

संध्याकाळी ऑर्केस्ट्राच्या प्रॅक्टिसला नेला. आर. डी. बर्मनची गाणी आमच्या कार्यक्रमात निम्मी असतात, ज्यांच्या रेकॉर्डिंगला टोनी वाझ बास वाजवायचे, आणि त्या ओळींत बास नुसता खाली गुरगुरत नाही, गाण्याशी बोलत असतो. टोन अर्धा बंद ठेवला, पहिलंच गाणं धरलं. आमचे ढोलकवाले दादा, जे कधी कुणाच्या वाद्याबद्दल बोलत नाहीत, ते मधेच थांबले आणि म्हणाले, "आज तुझा हात कळतोय." ड्रमरने किक जरा कमी केली. प्रॅक्टिस ठरल्यापेक्षा तासभर लांबली.

राहिलेलं: ब्रिजवरचं कव्हर क्रोमला दिलंय, सोमवारी मिळेल. त्याच्या आत फोमची पट्टी येते, तारा जरा दबतात आणि सूर लवकर मिटतो, त्याशिवाय हा आवाज पूर्ण व्हायचा नाही. तोपर्यंत भांडी घासायच्या स्पंजचा तुकडा कापून सॅडलपुढे तारांखाली सरकवलाय, चांगला चालतोय. ई तारेखाली थोडा जाड लागतो, ती लवकर गप्प बसत नाही.